कोल्विट्झचं 'क्लागे' लिलावात आलंय, घ्यावं का? आधी ते ओतलं कधी ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्टुटगार्टला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी जर्मनीतल्या एका ऑक्शन हाउसच्या कॅटलॉगमध्ये केटे कोल्विट्झ या जर्मन शिल्पकार बाईंचं 'क्लागे' (म्हणजे विलाप) हे ब्रॉन्झ पाहिलंय. खाली लिहिलंय 1938-41, गडद तपकिरी पटिना (धातूवरचा रंगाचा थर), सही आहे, नोआक या बर्लिनच्या फाउंड्रीचा, म्हणजे ओतशाळेचा शिक्का आहे. पण एस्टिमेट, म्हणजे हाउसने धरलेली अंदाजे किंमत, मात्र त्यांनी दुसरीकडे पाहिलेल्या याच शिल्पाच्या जवळपास निम्मं आहे. त्यांचे प्रश्न तीन: हे ओरिजिनल आहे का, स्वस्त का आहे, आणि पुढेमागे पुण्याला परत जाताना बरोबर नेता येईल का. मी बरीच वर्षं बर्लिनमध्ये धातूच्या शिल्पांचं रिस्टोरेशन करतोय, लिलावाच्या आधी कंडिशन बघून रिपोर्ट लिहिणं हा त्यातलाच भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 1938-41 ही तारीख तुमच्या समोरच्या ब्रॉन्झची नाहीये. ती मूळ मॉडेलची तारीख आहे, म्हणजे कोल्विट्झने मातीत आणि प्लास्टरमध्ये ते घडवलं तो काळ. ब्रॉन्झ त्यावरून 1941 मध्ये ओतलेलं असू शकतं, 1955 मध्ये असू शकतं, 1985 मध्येही असू शकतं, आणि कॅटलॉगमध्ये या तिन्हींपुढे तारीख तीच छापली जाते. यात कोणी फसवत नाही, ही इथली लिहायची पद्धतच आहे, पण नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. ओतकाम केव्हाचं आहे ते वेगळं लिहितात, कधी त्याच ओळीच्या शेवटी, कधी खाली बारीक टाइपात, 'नंतरचं ओतकाम' किंवा 'मृत्यूनंतरचं ओतकाम' अशा अर्थाचे दोन शब्द. आणि कधीकधी काहीच लिहिलेलं नसतं. काहीच लिहिलं नसेल तर ते जुनं आहे असं समजू नका, उलट समजा. कलाकाराच्या हयातीतलं ओतकाम असेल तर ऑक्शन हाउस ते पहिल्या ओळीत ठळक लिहितं, कारण किंमत त्यावरच चढते. तुमच्या निम्म्या एस्टिमेटचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

आता या शिल्पाबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय ओतकामाचा मुद्दा नीट लक्षात येत नाही, आणि मला स्वतःला हे शिल्प फार जवळचं आहे. एर्न्स्ट बारलाख हा शिल्पकार 24 ऑक्टोबर 1938 ला रोस्टॉकला वारला. त्याआधीची काही वर्षं नाझींनी त्याचं काम म्युझियममधून, चर्चमधून, चौकांतून काढून टाकायचा सपाटा लावला होता. कोल्विट्झचीही तीच गत, 1919 मध्ये प्रशियन अकादमीने सन्मानाने घेतलेली ही बाई, 1933 मध्ये तिला तिथून बाहेर पडायला लावलं आणि पुढे प्रदर्शनं जवळपास बंदच झाली. बारलाख वारल्यावर कोल्विट्झ त्याच्या गावी, ग्युस्ट्रोला गेली, त्याला शेवटचं बघितलं, आणि परत येऊन हे काम सुरू केलं. चेहरा तिचा स्वतःचा आहे. डोळे मिटलेले, एका हाताने अर्धा चेहरा झाकलाय, दुसरा हात हनुवटी आणि तोंडापाशी. उंची 26 ते 28 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे भिंतीवर टांगता येईल एवढंच, मागून पोकळ. एवढ्या छोट्या जागेत तिने दोन हात आणि एक चेहरा असा काही दाबून बसवलाय की दुःख ओरडत नाही, आतल्या आत धरून ठेवलेलं दिसतं. 1914 च्या ऑक्टोबरात तिचा धाकटा मुलगा पेटर लढाईत मारला गेला होता, आणि हे शिल्प पूर्ण झाल्यावर 1942 मध्ये त्याच नावाचा नातू रशियात मारला गेला. ती स्वतः 22 एप्रिल 1945 ला मोरिट्झबुर्गला वारली, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना.

यातून ओतकामाचं गणित आपोआप निघतं बघा. मॉडेल पूर्ण झालं तेव्हा युद्ध चालू होतं, तांबं आणि कथील सरकार शस्त्रांसाठी उचलत होतं, चर्चच्या घंटा उतरवत होते, आणि ही बाई तर सरकारच्या डोळ्यात खुपणारी. अशा काळात 'क्लागे'ची किती ब्रॉन्झ ओतली गेली असतील? फारच थोडी. म्हणजे बाजारात जी दिसतात त्यातली बहुतेक 1945 नंतरची, तिच्या कुटुंबाच्या परवानगीने नोआकमध्ये ओतलेली. तेव्हा समोर 'क्लागे' आलं की माझी सुरुवात 'हे युद्धानंतरचं आहे' इथून होते आणि ते आधीचं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्यावर. बारलाखच्या बाबतीत गोष्ट वेगळी, त्याच्या ब्रॉन्झसाठी डीलर आल्फ्रेड फ्लेश्टहाइमने 1930 च्या सुमारास रीतसर एडिशन, म्हणजे एकाच शिल्पाच्या अनेक प्रती ओतणं, सुरू केल्या होत्या, त्यामुळे हयातीतली ओतकामं बऱ्यापैकी सापडतात. प्रत्येक कलाकाराचा हिशोब वेगळा, एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

मग युद्धानंतरचं म्हणजे नकली का? नाही. हे मला ठासून सांगायचंय, कारण आपल्याकडे 'ओरिजिनल की डुप्लिकेट' असे दोनच खाने असतात आणि ब्रॉन्झ त्या दोन खान्यांत बसतच नाही. बारलाखचंच सगळ्यात प्रसिद्ध काम घ्या, ग्युस्ट्रोच्या कॅथेड्रलमधला तरंगणारा देवदूत, 'डेर श्वेबेंडे'. 1927 मध्ये पहिल्या महायुद्धाच्या स्मारकासाठी केलेला. त्याच्या चेहऱ्यात कोल्विट्झचा चेहरा आलाय, आणि बारलाखचं म्हणणं की तो मी ठरवून आणला नाही, आपोआप आला. 1937 मध्ये तो खाली उतरवला आणि नंतर वितळवून टाकला. पण साचा वाचला होता, बारलाखच्या मित्रांनी त्याच्या मृत्यूनंतर गुपचूप दुसरं ओतकाम करून घेतलं आणि युद्धभर लपवून ठेवलं, ते 1952 पासून कोलोनच्या आंटोनिटर चर्चमध्ये आहे. आणि त्या कोलोनच्या ब्रॉन्झवरून तिसरं ओतकाम करून 1953 मध्ये ते ग्युस्ट्रोला परत दिलं. म्हणजे आज ग्युस्ट्रोत लोक ज्याच्याखाली मान वर करून उभे राहतात तो देवदूत कलाकाराच्या मृत्यूनंतरचा आहे, आणि तोही ब्रॉन्झवरून काढलेला. त्याला कोणी नकली म्हणत नाही. कारण तो कधी, कशावरून, कोणाच्या सांगण्यावरून ओतला हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी ते लपवलेलं नाही. विकत घेतानाही हेच तीन प्रश्न विचारायचे: कधी, कशावरून, कोणाच्या परवानगीने. आणि चौथा म्हणजे अशी किती आहेत, पण कोल्विट्झच्या बाबतीत त्याचं नेमकं उत्तर मिळणं अवघड, कारण बहुतेक ब्रॉन्झवर नंबर नसतो.

शिक्क्याबद्दल. 'एच. नोआक बर्लिन' हा शिक्का चांगली खूण आहे, पण तारीख नाही. फाउंड्री 1897 मध्ये बर्लिनच्या फ्रिडेनाउ भागात सुरू झाली आणि आजही चालू आहे, आता शार्लोटेनबुर्गमध्ये श्प्रे नदीकाठी. कोल्विट्झ, बारलाख, कोल्बे, पुढे हेन्री मूर, सगळ्यांचं काम तिथे झालंय, बर्लिन फिल्म फेस्टिव्हलचं रेने झिंटेनिसने घडवलेलं अस्वलही तिथेच ओततात. चार पिढ्या तेच नाव, तोच शिक्का, त्यामुळे शिक्का दिसला म्हणून जुनं असं होत नाही. शिक्क्यात 'फ्रिडेनाउ' असेल तर तो सहसा युद्धाआधीचा, ते दिसलं तर मात्र लक्ष द्या. आणि शिक्का कसा उठलाय ते बघा. (आधी शिल्पाची मेणाची प्रत करतात आणि मग त्या मेणाच्या जागी धातू ओततात.) मेणात दाबलेला आणि मग धातूबरोबर ओतला गेलेला शिक्का कडांना किंचित मऊ असतो, थंड धातूवर ठोकलेला कडक आणि आजूबाजूला हलकासा दबलेला. दोन्ही प्रकार खरे असू शकतात. पण शिक्क्याच्या अक्षरांत बारीक पुटकुळ्या असतील, अक्षरं भरल्यासारखी बुजलेली असतील, तर मला शंका येते, कारण कुणीतरी आधीच्या ब्रॉन्झवरून शिक्क्यासकट साचा घेतला की असंच होतं.

खरी भीती या साच्यावरच्या साच्याची आहे. तयार ब्रॉन्झ घ्यायचं, त्यावर रबराचा साचा करायचा, मेण ओतायचं आणि नवीन ब्रॉन्झ काढायचं. परवानगी नाही, नोंद नाही. हे ओळखायचा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे मोजपट्टी, किंवा खरं तर कॅलिपर. ब्रॉन्झ थंड होताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं, मेणही थोडं आकसतं. 26 सेंटीमीटरला दीड टक्का म्हणजे जवळजवळ 4 मिलिमीटर. ब्रॉन्झवरून काढलेलं ब्रॉन्झ खऱ्यापेक्षा एवढं लहान निघतं. फक्त एकूण उंची मोजू नका, खालची कड घासून कमी केलेली असू शकते किंवा वर भर घातलेली असू शकते. चेहऱ्यावरचे दोन पक्के बिंदू धरा, समजा एका बोटाच्या पेरापासून नाकाच्या टोकापर्यंत, आणि तेच अंतर एखाद्या म्युझियममधल्या नोंद असलेल्या ब्रॉन्झशी ताडून बघा. कोल्विट्झच्या नावाची म्युझियम कोलोनला आणि बर्लिनला आहेत, शिल्पांचा अधिकृत कॅटलॉग आनेट झेलर यांनी 2016 मध्ये केलेला आहे. तुमच्या लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या त्या वस्तूच्या वर्णनात झेलर नंबर दिलाय का बघा, आणि दिला असेल तर तेवढ्यावर थांबू नका. तो नंबर फक्त 'हे शिल्प कोणतं' ते सांगतो, तुमच्या हातातला तुकडा कोणता ते नाही. त्या नोंदीखाली ओतकामांचे प्रकार दिलेले असतात, त्यातला तुमचा कोणता, हे ऑक्शन हाउसला विचारा.

आता हातात घेऊन काय बघायचं. 'क्लागे'चा एक मोठा फायदा म्हणजे पाठ उघडी असते, त्यामुळे सगळं आतलं दिसतं. प्रीव्ह्यूला, म्हणजे लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तेव्हा जा, श्टुटगार्टहून ट्रेनने जाऊन येता येण्यासारखं आहे, आणि तिथल्या माणसाला ते भिंतीवरून उतरवून द्यायला सांगा, हे विचारण्यात संकोच करू नका, कोणीही नाही म्हणत नाही. मागून धातूची जाडी बघा. चांगल्या ओतकामात ती सारखी असते, साधारण 4-5 मिलिमीटर, कुठे पातळ कुठे जाड ढेकळं असं नसतं. आतला पृष्ठभाग वाळूसारखा कणीदार आहे की मेणाचे ओघळ आणि ब्रशचे फटकारे दिसतायत त्यावरून वाळूच्या साच्यात ओतलंय की मेणाच्या पद्धतीने ते कळतं. कुठे सांधा किंवा डाग असेल तर तो कसा भरलाय बघा, जुन्या कामात धातूची छोटी खुंटी ठोकून भोक बुजवत, आणि चकचकीत, बारीक लहरींचा आर्गॉन वेल्डिंगचा पट्टा दिसला तर ते ओतकाम युद्धाआधीचं असण्याची शक्यता जवळपास संपते, अर्थात नंतरची दुरुस्ती असू शकते, म्हणून विचारायचं.

मग पुढून बघा, पण डोक्यावरच्या लाइटखाली नाही. मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी पृष्ठभागाला लागून धरा. कोल्विट्झ मातीत बोटांनी आणि लाकडी हत्याराने काम करायची, तिने ते खुणांसकट ठेवलेलं आहे, गुळगुळीत केलेलं नाही. चांगल्या ओतकामात बोटांच्या पेरांवर, पापणीच्या कडेला, कपाळावरच्या आडव्या ओरखड्यांत त्या खुणा धारदार दिसतात. पापणी गालाला मिळते ती रेघ बघा, मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो. ती रेघ स्वच्छ असेल तर साचा मूळ प्लास्टरच्या जवळचा आहे. साबणाची वडी वापरून वापरून जशी कडा हरवते तसं झालं असेल तर तो साचा थकलेला आहे किंवा साच्यावरचा साचा आहे. नोआकच्याच उशिराच्या ओतकामांत आणि आधीच्या ओतकामांतही इथे फरक दिसू शकतो, सगळी सारखी नसतात, त्यामुळे दोन्ही कायदेशीर असली तरी मी चांगल्यासाठी जास्त मोजेन.

पटिनाने फार भुलू नका. ती रसायनांनी करतात, गरम केलेल्या धातूवर सल्फाइड, नायट्रेट लावून, वर मेण. चांगला पटिना करणारा एका दिवसात 80 वर्षांचा दिसेल असा तपकिरी आणू शकतो. जुन्या तुकड्यात उंच भागांवर, म्हणजे इथे नाक आणि बोटांच्या पेरांवर, हात लागून लागून उबदार धातू दिसायला लागतो आणि खोल भागात मेण आणि धूळ मिळून काळसर थर बसतो. कुठे पिस्त्यासारखे फिकट हिरवे, पावडर होणारे ठिपके दिसले तर मात्र लगेच विचारा, ते क्लोराइडमुळे होणारं गंजणं असू शकतं, त्यावर उपचार होतात पण खर्च येतो. तुम्ही नंतर भारतात, विशेषतः मुंबई किंवा कोकणासारख्या खाऱ्या दमट हवेत ठेवणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. पुण्याला पावसाळा सोडला तर एवढी काळजी नाही. आणि घरी आणल्यावर चिंच, लिंबू, ब्रासो यातलं काहीही लावू नका. आपल्याकडे देवाची भांडी घासायची सवय असते, घरात कामाला येणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. मऊ ब्रशने धूळ झटकायची, वर्ष-दोन वर्षांनी जाणकाराकडून मेणाचा हात, बस.

कागदपत्रांचं एक उलटं गणित आहे ते समजून घ्या. हयातीतलं ओतकाम महाग, पण त्याच्याबरोबर 1933 ते 1945 चा प्रश्न येतो. त्या काळात ते कोणाच्या घरात होतं, ज्यू कुटुंबाकडून लुबाडलेलं किंवा कवडीमोलाने विकायला लावलेलं तर नाही ना, ही साखळी तपासल्याशिवाय मी कोणालाही घे म्हणणार नाही, आणि हे फक्त कायद्यासाठी नाही, असं काही घरात लावून शांत झोप कशी लागेल. लॉस्ट आर्ट डेटाबेस, म्हणजे नाझी काळात लुबाडलेल्या कलावस्तूंची ऑनलाइन यादी, कोणालाही फुकट बघता येतो. युद्धानंतर ओतलेल्या ब्रॉन्झला हा प्रश्न लागूच होत नाही, तिथे फक्त पहिली खरेदी कुठून झाली, गॅलरीचं बिल किंवा कुटुंबाकडची चिठ्ठी आहे का, एवढं पुरतं. दुसरं म्हणजे कॉपीराइट. जर्मनीत तो मृत्यूनंतर 70 वर्षं, म्हणजे कोल्विट्झचा 2015 च्या शेवटी संपला. त्यानंतर कायद्याने कोणीही ओतू शकतं. त्यामुळे 2016 नंतरचं ओतकाम समोर आलं आणि मागे जुनी ओळखीची फाउंड्री, कुटुंब किंवा म्युझियम यांपैकी कोणीच नसेल तर ते सजावटीच्या वस्तूच्या भावात घ्या किंवा घेऊच नका. मी घेणार नाही.

पैशांचं. एस्टिमेट म्हणजे तुम्ही द्याल ती रक्कम नव्हे. समजा हातोडा 20,000 युरोला पडला आणि हाउसचं प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन) 27 टक्के असेल तर 5,400 वर, म्हणजे 25,400, आणि त्यावर 7 टक्के टॅक्स धरला तर 27,178. जर्मनीत 2025 पासून कलावस्तूंवरचा टॅक्स 19 वरून 7 टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने अनुभव सांगणारे लोक चुकीचा आकडा सांगू शकतात. प्रीमियम प्रत्येक हाउसचं वेगळं, ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून बोली लावली तर बहुतेक वेळा अजून काही टक्के लागतात, म्हणून थेट हाउसकडे फोनवर किंवा लेखी बोली द्या. रीसेल राइटचे पैसे, म्हणजे पुन्हा विक्री झाली की कलाकाराला किंवा वारसांना जाणारा वाटा, कोल्विट्झवर लागत नाहीत, तेही 70 वर्षांचंच असतं. झिंटेनिस 1965 ला वारली, गेरहार्ड मार्क्स हा शिल्पकार 1981 ला, त्यांच्या ब्रॉन्झवर मात्र लागू होतं, कधीकधी हाउस त्यातला वाटा खरेदीदाराकडून घेतं.

पुण्याला न्यायचं असेल तर, शिल्प 50 वर्षांपेक्षा जुनं आणि किंमत 50,000 युरोच्या वर असेल तर युरोपियन युनियनबाहेर न्यायला एक्सपोर्ट लायसन्स लागतं. तुमचा तुकडा सांगताय त्या भावात या मर्यादेच्या खाली राहील असं दिसतंय, तरी बिल, कॅटलॉगचं पान आणि फोटो जपून ठेवा, भारतातल्या कस्टमलाही तेच लागतील आणि तिथली ड्यूटी त्या वेळच्या दराने भरावी लागेल. निघायच्या आधी क्लिअरिंग एजंटकडून आकडा घ्या, विमानतळावर उभं राहून वाद घालायची ही वस्तू नाही.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत. पाठीत आणि पापणीत काही खटकलं नाही, मापं जुळली, आणि ते कुटुंबाच्या परवानगीने नोआकमध्ये ओतलेलं युद्धानंतरचं आहे असं लेखी मिळालं, तर निम्म्या भावात ते तुम्हाला स्वस्त मिळत नाहीये, योग्य भावात मिळतंय, आणि तुम्हाला ते रोज बघायला आवडणार असेल तर घ्या. गुंतवणूक म्हणून घेऊ नका, नंबर नसलेल्या एडिशनची किंमत कुठे जाईल हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. दुसऱ्या ठिकाणी जे दुप्पट भावाला होतं त्याचं वर्णनही काढून बघा, तिथे हयातीतलं किंवा लवकरचं ओतकाम असं लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आजच ऑक्शन हाउसला ईमेल टाका, फोनवर विचारू नका, लेखीच हवं. ओतकाम अंदाजे कोणत्या वर्षांतलं आणि ते कशावरून ठरवलं, झेलरच्या कॅटलॉगमधला कोणता प्रकार, याआधी कोणाकडे होतं, मागच्या बाजूचा आणि शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो, आणि उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये. खरेदीनंतर वर्णन चुकीचं निघालं तर तक्रार किती दिवसांत करता येते ते त्यांच्या अटींमध्ये असतं, तेही आत्ताच वाचा, बोली लावल्यावर नाही. पाठीचा फोटो आला की इथे टाका, वेल्डिंग आणि जाडीबद्दल जेवढं फोटोवरून कळतं तेवढं सांगतो.